सूर्याची तपासणी

माझ्या पहिल्या साहेबांनी आयुष्यात एखादी गोष्ट न तपासता स्वीकारली असेल, यावर त्यांना ओळखणारा एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. सातपूरच्या ज्या कारखान्यात मी शिकाऊ म्हणून लागलो तिथे ते इन्स्पेक्शनचे मुख्य होते. पण कारखान्याच्या गेटबाहेर पडल्यावर त्यांची तपासणी थांबत असे, असं नाही. उलट तिथून तिला मोकळं रान मिळे. त्यांचं लग्न ठरत होतं तेव्हा काकूंच्या, म्हणजे होणाऱ्या बायकोच्या, पत्रिकेतली जन्मवेळ खरी आहे का, हे बघायला ते स्वतः त्या गावच्या दवाखान्यात जाऊन जुनी वही काढायला लावून आले होते. अकरा मिनिटांचा फरक निघाला. दोन्हीकडच्या मंडळींनी पुन्हा पंचांग उघडलं. तेव्हा साहेब म्हणाले, "टॉलरन्समध्ये आहे," म्हणजे चालून जाईल इतकाच फरक आहे, आणि लग्न झालं. काकू हे सांगताना हसत, आणि हसून झाल्यावर म्हणत, "तेव्हापासून मी टॉलरन्समध्येच आहे."

शर्टाच्या खिशात त्यांच्याकडे कायम तीन रंगांचे टॅग असत, दोरा ओवलेले. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे दुरुस्त करून पुन्हा आणा, लाल म्हणजे बाद. कारखान्यात हे टॅग तयार जॉबला, म्हणजे मशीनवर केलेल्या भागाला, लागत. घरी ते सगळ्याला लागत. गॅसच्या रेग्युलेटरला हिरवा, मोरीतल्या नळाला पिवळा, बाल्कनीतल्या स्टुलाला लाल. एकदा त्यांचे साडू दिवाळीला आले आणि नकळत पिवळा टॅग लावलेल्या खुर्चीवर बसले. साहेब तासभर त्या खुर्चीच्या पायांकडेच बघत राहिले, आणि साडू बिचारे फराळ न संपवता उठले. पिंपळगावच्या एका पॅकहाउसमध्ये माझा मित्र कामाला आहे. त्याच्याकडची द्राक्षांची पेटी मी एकदा मोठ्या हौसेनं साहेबांकडे नेली. पेटीवर मण्याचं माप छापलेलं होतं, अठरा मिलिमीटर. साहेबांनी मोजायचा व्हर्नियर आणला, बारा मणी मोजले आणि उदास चेहऱ्यानं म्हणाले, "सतरा पॉइंट चार. लोकांचा विश्वास जातो तो असा." मग ती सगळी द्राक्षं त्यांनी आवडीनं खाल्ली, पण पेटीला पिवळा टॅग लावून.

मी मनमाडचा. वडील, म्हणजे नाना, रेल्वेत रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये होते. शाळा त्यांना चार अक्षरं लिहिण्यापुरतीच मिळाली होती. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि बी.एस्सी. झालेला तर गल्लीत पहिला, त्यामुळे कॉलेजात मी एक ऐटदार सही कमावली होती. तिला एक मोठा वळसा होता आणि खाली दोन टिंबं होती. माझा पहिला रिपोर्ट साहेबांपुढे गेला, तेव्हा त्यांनी मापं बघायच्या आधी सही बघितली.

"हे काय आहे?"

"सही, साहेब."

"कुणाची?"

"माझी."

"यात तुझं नाव कुठे आहे? उद्या तू पास केलेल्या जॉबमुळे कुणाचा हात गेला, तर पोलिसांना वाचता यायला नको?"

त्या दिवसापासून मी माझं पूर्ण नाव लिहितो, शाळेतल्या मुलासारखं, एकेक अक्षर सुटं. मायक्रोमीटर कसा धरावा, साहेबाच्या केबिनमध्ये न बोलावता कधी जावं, एखादी गोष्ट येत नसेल तर 'मला येत नाही' हे मान खाली न घालता कसं म्हणावं, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. नोकरीत कायम झालो त्या दिवशी त्यांनी आपला जुना मायक्रोमीटर मला दिला, आणि देण्याआधी तो तपासला. आज मी ज्या खुर्चीवर बसतो ती त्यांच्यामुळे आहे, हे मी कुणालाही सांगतो.

आमच्या विभागात एक न लिहिलेली रीत होती. ज्या जॉबवर साहेबांची सही आहे त्याला आम्ही दुसऱ्यांदा गेज लावून माप घेत नसू. साहेबांनी कधी तसं सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर चिडलेच असते. तो आमचा आदर होता. पुढे जे झालं त्याचं मूळ या आदरात आहे.

साहेब निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं त्यांना शाल आणि नारळ दिला. नारळ त्यांनी सगळ्यांसमोर कानाशी नेऊन हलवून बघितला. आता हे घरी बसून काय करणार, याची काळजी आम्हाला होती आणि काकूंना आमच्यापेक्षा जास्त, कारण घरात न तपासलेलं काही शिल्लकच नव्हतं. महिन्याभरानं एका रविवारी मी अशोकनगरला त्यांच्या घरी गेलो, तर त्यांनी जाहीर केलं की ते दुर्बीण घेताहेत, कॅमेरा लावून फोटो काढता येतात तसली. मला वाटलं चंद्र, तारे, शनीची कडी. साहेब म्हणाले, "रात्री साडेनऊला मी झोपतो. सूर्य हा एकच तारा असा आहे जो कामाच्या वेळेत हजर असतो."

दुर्बीण आली ती दोन खोक्यांत. तिची तपासणी तीन दिवस चालली. नळीचा व्यास आठ ठिकाणी मोजला गेला, तिपाईचा एक पाय दुसऱ्यापेक्षा अर्धा मिलिमीटर लांब निघाला, आणि विकणाऱ्या दुकानाला दोन पानी पत्र गेलं. दुकानदाराचा फोन आला. "काका, दुर्बिणीतून दिसतंय ना सगळं?" साहेब म्हणाले, "दिसणं हा वेगळा मुद्दा आहे."

खरी गंमत झाली ती फिल्टरची. दुर्बिणीतून सूर्याकडे नुसतं बघितलं तर डोळा जातो, तोही कायमचा. म्हणून दुर्बिणीच्या तोंडावर फिल्टर बसवायचा. हा फिल्टर म्हणजे चॉकलेटच्या चांदीसारखी एक पातळ चंदेरी फिल्म असते. लाखातला एखादाच किरण ती आत सोडते. फिल्म विकत मिळते, तिला धरून ठेवणारी टोपी ज्यानं त्यानं करायची. लोक म्हणे पुठ्ठ्याची करतात. साहेबांनी टोपीचं ड्रॉइंग काढलं आणि सातपूरमध्ये लेथ चालवणाऱ्या एका जुन्या मित्राकडून ती अॅल्युमिनियममध्ये कातून घेतली. ती इतकी नेमकी झाली की पहिल्यांदा बसवली ती निघेचना. खोबरेल तेल सोडून मी दुर्बीण धरली, त्यांनी टोपी धरली, आणि टोपी निघाली तेव्हा आम्ही दोघंही पलंगावर जाऊन पडलो. साहेब पडल्या पडल्या म्हणाले, "फिट उत्तम आहे."

फिल्मसोबत एक कागद आला होता. त्यावर लिहिलं होतं की फिल्म सैल ठेवा, सुरकुत्या राहिल्या तरी फोटोला काही होत नाही, पण ताणू नका. साहेबांना हे अजिबात पटलं नाही. "सुरकुती चालेल असं लिहिणारा माणूस कधी इन्स्पेक्शनला नव्हता," असं म्हणून त्यांनी ती फिल्म तबल्याच्या पुडीसारखी ताणून बसवली. एक सुरकुती दिसेना. मी शेजारी उभा होतो. कागद मीही वाचला होता. मी म्हणालो, "छान बसली, साहेब."

मग कार्ड तयार झालं. रोज सकाळी गच्चीवर जाण्याआधी साहेब जिन्याच्या खोलीत उघडा बल्ब लावत, फिल्टर त्याच्यापुढे धरून कुठून उजेड गळतो का ते बघत आणि कार्ड भरत. भोक, नील, म्हणजे एकही नाही. चीर, नील. निकाल, पास. खाली सही, पूर्ण नावाची. त्यानंतर टोपी दुर्बिणीवर चढे आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी सूर्याचा फोटो निघे. सूर्यावरच्या डागांना साहेब डाग म्हणत नसत, दोष म्हणत. साडेनऊपर्यंत माझ्या मोबाइलवर फोटो आणि त्याखाली अहवाल येई: 'आज पृष्ठभागावर दोष सात. पैकी मोठा एक, कालपेक्षा सरकलेला. कारण अज्ञात. पुरवठादाराला कळवण्याची सोय नाही.' रविवारी कॉलनीतली पोरं सूर्य बघायला गच्चीवर रांग लावत. डोळा लावण्याआधी साहेब प्रत्येकाला ते भरलेलं कार्ड वाचून दाखवत, आणि पोरं एका सुरात म्हणत, "भोक नील, चीर नील." ती त्यांची सगळ्यात सुखाची दोन वर्षं होती.

मग फोटोतला सूर्य सरकायला लागला. आधी तो मधोमध असे, ताटात ठेवलेल्या भाकरीसारखा. हळूहळू तो एका बाजूला गेला, आणि एके दिवशी त्याची डावी कड कापलेली आली. दुसऱ्या दिवशी जास्त कापलेली. ज्या माणसानं मण्यामागे सहा दशांश मिलिमीटर कमी भरले म्हणून द्राक्षांना पिवळा टॅग लावला होता, तो पाऊण सूर्य पाठवत होता आणि खाली लिहीत होता, 'फोटो पूर्ण, स्पष्ट.' माझ्या ते लक्षात आलं नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्या दिवसापासून आलं होतं. मी रोज उत्तर लिहिलं, 'अप्रतिम, साहेब,' आणि पुढे जोडलेल्या हातांचं चित्र.

काकूंचा फोन आला तो साहेबांनी स्कूटर गेटच्या खांबाला लावली त्या दिवशी. खरचटण्यावर भागलं होतं. "संतोष, खांब त्यांना दिसलाच नाही रे," काकू म्हणाल्या, "रोजचा खांब." डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, बराच पुढे गेलेला. या रोगात नजर कडेनं खात खात आत येते. मधलं शेवटपर्यंत दिसतं, त्यामुळे माणसाला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय. म्हणून साहेबांना मायक्रोमीटरची रेघ अजून वाचता येत होती आणि दारात उभा राहिलेला माणूस दिसत नव्हता. गेलेली नजर परत येत नाही. औषधाच्या थेंबांनी उरलेली थोडे दिवस राहते. साहेबांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "हे सूर्याकडे बघून झालं?" डॉक्टर म्हणाले, "नाही हो, याचा त्याच्याशी संबंध नाही." साहेब म्हणाले, "लिहून द्या."

पण कॉलनीनं आपला निकाल आधीच लावला होता. खालच्या मजल्यावर एक स्टेशनरीचं दुकान चालवणारे गृहस्थ राहत, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "मी म्हणतच होतो. रोज सूर्याकडे बघायचं म्हणजे काय खेळ आहे का?" दोन रविवारांत पोरं यायची बंद झाली. साहेबांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीला प्लास्टिकचं वेष्टन करून ती खालच्या नोटीस बोर्डावर लावली, आणि शेजारी आपल्या हातानं लिहिलं: 'कारण काचबिंदू. सूर्य नव्हे. फिल्टर निर्दोष. ऑपरेटरची चूक नाही.' कारखान्यात एखादा जॉब बाद झाला की आम्हाला दोनच कारणं लिहिता येत, मटेरियलचा दोष किंवा ऑपरेटरची चूक. डोळे जाणार हे त्यांनी एखादा जॉब बाद झाल्याचं ऐकावं तसं ऐकून घेतलं होतं. पण ते आपल्या चुकीनं गेले असं कुणी म्हणावं, हे त्यांना सोसत नव्हतं. जेवण कमी झालं. काकू म्हणाल्या, रात्री उठून बसतात आणि जुनी कार्डं चाचपत राहतात.

शेवटी त्यांनी एक रविवार ठरवला. कॉलनीतल्या कुणीही गच्चीवर यावं, त्यांच्यादेखत फिल्टर तपासला जाईल, त्यांनी सूर्य बघावा आणि धडधाकट डोळ्यांनी खाली उतरावं. एक माणूस आला तरी चालेल, असं ते मला फोनवर म्हणाले. आवाजात विनंती होती, आणि साहेबांच्या आवाजात ती मी पहिल्यांदाच ऐकली.

नाना त्या आठवड्यात मनमाडहून माझ्याकडे आलेले होते. मी त्यांना म्हणालो, चला, माझ्या साहेबांकडे सूर्य बघायला जायचंय. नाना म्हणाले, "उन्हातच जल्म गेला माझा. त्याचं आता काय बघायचं?" पण साहेब म्हटल्यावर त्यांनी धुतलेला सदरा घातला.

गच्चीवर आम्ही तिघंच होतो. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशात टॅग होते. काकूंनी वीस माणसांचे पोहे केले होते. नऊ वाजून गेले तरी जिन्यात पाऊल वाजलं नाही. स्टेशनरीवाले गृहस्थ तेवढे शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर आपल्या भावाकडे आलेले होते, आणि वाळत घातलेल्या चादरींच्या आडून बघत होते. साहेबांना ते दिसले नसावेत. ते नानांशी बोलत होते.

"तुम्ही रेल्वेत काय करायचात?"

"चावीवाला होतो, साहेब. लाइन बघायची. रोज सकाळी पाच-सहा किलोमीटर चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्या असल्या तर ठोकायच्या, कुठं तडा हाय का बघायचं."

"म्हणजे इन्स्पेक्शन."

"काय म्हणायचं ते म्हणा. बघायचं काम."

"आणि रिपोर्ट?"

"रिपोर्ट कशाचा? गाडी नीट गेली का झाला रिपोर्ट."

साहेब हसले. कितीतरी दिवसांनी हसले असतील. मग म्हणाले, "चला, पहिला मान तुमचा," आणि आम्ही जिन्याच्या खोलीत गेलो. साहेबांनी बल्ब लावला, स्टीलच्या डब्यातून फिल्टर काढला, बल्बसमोर धरला, सावकाश फिरवला. "भोक नील. चीर नील. पास." कार्डावर पूर्ण नावाची सही केली. मी भिंतीला टेकून उभा होतो. फिल्टरकडे मी बघितलंही नाही. साहेबांची सही झाली होती.

"साहेब, मी बघू का जरा?" नाना म्हणाले.

मला कानकोंडं झालं. "नाना, साहेबांनी बघितलंय."

"बघितलं तर बघितलं. मुकादमानं बघितलेली लाइन मी सोडायचो का?" त्यांनी फिल्टर दोन्ही हातांत घेतला, तव्यावरची भाकरी उचलावी तसा, आणि बल्बसमोर तिरपा केला. "साहेब, हितं फाटलंय."

"कुठे?"

"कडंला. नखाएवढं हाय."

"नाही," साहेब म्हणाले.

त्यांनी फिल्टर हातात घेतला. मधोमध बघितलं, फिरवला, पुन्हा मधोमध बघितलं. त्या चिरेतून आलेली उजेडाची एक बारीक रेघ त्यांच्या गालावर पडली होती. मला ती दिसत होती, नानांना दिसत होती. साहेब फिल्टर फिरवत राहिले, जवळ आणत राहिले, आणि ती रेघ गालावरून नाकावर, नाकावरून डोळ्यावर आली तेव्हा त्यांचा हात थांबला. ताणून बसवलेली फिल्म टोपीच्या कडेशी फाटली होती. आणखी पाच मिनिटांनी नानांचा डोळा दुर्बिणीला लागला असता.

साहेबांनी खिशात हात घातला आणि चाचपून एक टॅग काढला. तो पिवळा निघाला. मुद्दाम काढला की चुकून, मला माहीत नाही. नाना सहज म्हणाले, "आमच्यात पिवळं नसायचं, साहेब. लाल झेंडी न्हायतर हिरवी. गाडी थांबवायची न्हायतर सोडायची."

साहेबांनी पिवळा टॅग परत ठेवला आणि लाल काढून फिल्टरला बांधला. कार्डावरचं 'पास' खोडून 'बाद' लिहिलं. कारणाच्या जागी लिहिलं: 'फिल्म ताणून बसवली. ऑपरेटरची चूक.' खाली पुन्हा पूर्ण नाव. मग दुसरा लाल टॅग काढला आणि आपल्या शर्टाच्या गुंडीला बांधायला लागले. गाठ बसेना. तेवढ्यात काकू पोहे घेऊन वर आल्या. त्यांनी ते बघितलं, ताटल्या कठड्यावर ठेवल्या, टॅग सोडवून घेतला आणि आपल्या कमरेला खोचला.

"काय साहेब, दिसला का सूर्य?" शेजारच्या गच्चीवरून आवाज आला.

साहेब आवाजाच्या दिशेनं वळले. "नाही दिसला. फिल्टर फाटलाय," ते मोठ्यानं म्हणाले. "चूक माझी आहे." चादरींमागचं डोकं खाली गेलं.

खाली उतरताना जिन्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधी वाटलं आधारासाठी ठेवलाय.

"फोटो कापलेले येत होते का रे?"

"हो, साहेब."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"तू अप्रतिम लिहायचास."

मी पुढची पायरी उतरलो.

"मग पास का केलंस?"

आदरापोटी, असं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते त्यांच्यापुढे तपासणीला ठेवायची माझी हिंमत झाली नाही. ते मला एक शब्दही रागावले नाहीत, आणि ते अजून सलतं.

पुढच्या रविवारी नवी फिल्म बसवली ती नानांनी. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तशी, सैल. साहेबांनी बोटाच्या पाठीनं ती हलकेच चाचपली. "सुरकुत्या आहेत."

"हायेत," नाना म्हणाले.

साहेबांनी बोट आणखी एकदा कडेनं फिरवलं. "राहू देत," साहेब म्हणाले.

कार्डही नवीन झालं. त्यात एक जास्तीचा रकाना होता, 'फेरतपासणी'. मी विचारलं, हा कुणासाठी? साहेब म्हणाले, "नाना बघतील, मग तू बघायचं. मी असलो तरी बघायचं, आणि बाप असला तरी बघायचं." नाना मनमाडला परत गेले नाहीत. काम संपल्यापासून रिकामे होते, आता त्यांना पुन्हा सकाळचं चालणं मिळालं. रोज ते माझ्या घरून चालत साहेबांच्या गच्चीवर जायला लागले. कारखान्यात जाताना मीही तिथून जाई आणि फेरतपासणी करून पुढे निघे. साहेबांची मधली नजरही हळूहळू गेली. ते खुर्चीवर बसत, तोंड सूर्याकडे, आणि नाना दुर्बिणीला डोळा लावून सांगत, "आज चार हायेत. एक मोठा, त्याच्या बुडाला तीन बारके."

"मोठा कडेपासून किती?"

"असंल दोन बोटं."

बोटं हे माप असू शकतं, हे कारखान्यात कुणी म्हणालं असतं तर साहेबांनी त्याला गेटबाहेर काढलं असतं. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी आली, मग गेली. "लिहा, दोन बोटं," ते म्हणाले. कॉलनीतली पोरं मात्र परत आली नाहीत.

यंदाच्या पावसाळ्यात दिवसचे दिवस ऊन पडलं नाही. तरी फिल्टर रोज बघितला जाई. कार्डावर नाना आपल्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहीत, 'फिल्टर नील. सूर्य ढगात.' अशाच एका सकाळी साहेब खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हातातला चहा अजून गरम होता. काकूंना वाटलं, डोळे मिटून ऐकताहेत.

अमरधाम स्मशानभूमीतून परत आलो तेव्हा पाच वाजले होते. घरात माणसं होती, बोलणं हळू चाललं होतं. नाना मला दिसेनात. वर जाऊन बघितलं तर जिन्याच्या खोलीत बल्ब लावलेला होता आणि नाना फिल्टर धरून उभे होते. "सकाळचं ऱ्हायलं होतं," ते म्हणाले. "नील हाय." त्यांनी कार्डावर नाव लिहिलं आणि पेन माझ्याकडे दिलं.

मी सही करायला वाकलो. नानांनी बघितलं होतं. नानांच्या नजरेतून काय सुटणार? पेनचं टोक कागदाला टेकलं आणि मी थांबलो. फिल्टर त्यांच्या हातून घेतला, बल्बसमोर धरला, आधी सगळ्या कडा बघितल्या, सावकाश, एक फेरा पूर्ण करून, आणि मग मधलं. मग फेरतपासणीच्या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं.